इलिनॉय नदी ते सेंट मेरीज: घुसखोर माशांच्या वाटेवर सहा दिवस

हा मार्ग दोन खोऱ्यांतून जातो. पहिले तीन दिवस मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या इलिनॉय नदीवर, पुढचे तीन अमेरिकेतल्या महासरोवरांच्या काठाने. जूनचा पहिला आठवडा सोयीचा, कारण नदीचं पाणी १८ अंशांच्या वर गेलेलं असतं, बाहेरून येऊन इथे फैलावलेल्या कार्प माशांची वीण चालू असते आणि उत्तरेकडे लॅम्प्रे या रक्त शोषणाऱ्या घुसखोर माशाची नदीतली चढणही संपलेली नसते. जुलैअखेर गेलात तर लॅम्प्रेचे सापळे रिकामे मिळतील.

सामानाबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगायची. पाण्यात उतरायचे बूट आणि वेडर (छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार) यांचे दोन जोड घ्या, एक नदीसाठी आणि एक सरोवरासाठी. ओलं सामान दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी ते निदान पाच दिवस खडखडीत वाळवावं किंवा ६० अंशांच्या गरम पाण्याने धुवावं, असा नियम आहे. इथे तर चौथ्याच दिवशी खोरं बदलतं, म्हणजे वाळवायला वेळच नाही. नमद्याच्या तळव्यांचे बूट घेऊच नका. धाग्यांत अडकलेल्या शिंपल्यांच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि नमदा लवकर वाळतही नाही.

पहिला दिवस: हवाना

हवाना हे इलिनॉय नदीच्या पूर्व काठावरचं छोटं गाव. नदीचा अभ्यास इथे १८९४ पासून चालू आहे, त्यामुळे घुसखोर येण्याआधी नदीत काय होतं याची नोंद इथे मिळते. बहुतेक नद्यांच्या नशिबी ती नसते. मासा आल्यावर मोजदाद सुरू केली तर ‘आधी किती होते’ या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

इथला घुसखोर म्हणजे सिल्व्हर कार्प. आपल्याकडे शेततळ्यात सोडतात तोच चंदेरा. त्याच्या जोडीला बिगहेड कार्प. दोघेही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्कान्सामध्ये आणले गेले, मत्स्यतळी आणि सांडपाण्याची तळी यांतलं शेवाळ खायला. तिथून ते निसटले आणि १९९० च्या दशकात इलिनॉयमध्ये पोचले. चंदेरा तळ्यात असतो तोवर गुणी मासा. आपल्याच हिमाचलमधल्या गोबिंदसागर जलाशयात तो १९७१ मध्ये चुकून शिरला आणि पुढे कटल्याची जागा त्याने घेतली. मासा तोच. फरक एवढाच की तळ्याला बांध असतो.

दोघांतला फरक हातात घेऊन पाहावा. पोटाखाली बोट फिरवलं की चंदेऱ्याला गळ्यापासून गुदद्वारापर्यंत धारदार कंगोरा लागतो. बिगहेडला तो पोटाच्या परांपासून मागे गुदद्वारापर्यंतच असतो. मग कल्ल्याचं झाकण उचला. बिगहेडच्या कल्ल्याच्या कमानीवर लांब, सुटे, कंगव्यासारखे दाते असतात. चंदेऱ्यात तेच दाते एकमेकांत विणले जाऊन स्पंजची वडी झालेली असते. बोटाने दाबली तर ती दबते आणि बोटाला हिरवट चिकटा लागतो. या वडीतून काही मायक्रॉन आकाराचे कण गाळले जातात. म्हणजे दुसऱ्या माशांची पिल्लं जे प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) खातात ते तर जातंच, पण ते प्लवक ज्या शेवाळावर जगतं तेही जातं. हा मासा कोणाला खात नाही, इतरांचं ताट उचलून नेतो.

हवानाजवळच्या ला ग्रेंज टप्प्यात हे मोजलं गेलंय. कार्प आल्यावर गिझार्ड शॅड या देशी माशाची अंगलट, म्हणजे लांबीच्या मानाने वजन, सुमारे ७ टक्क्यांनी उतरली. बिगमाउथ बफेलोची ५ टक्क्यांनी. आकडे छोटे वाटतात. पण माशाच्या अंगावरचं वरकड वजन म्हणजेच हिवाळ्याची शिदोरी आणि पुढच्या वर्षीची अंडी.

पाहणीची बोट ही सपाट तळाची ॲल्युमिनियमची. पुढे दोन दांड्या, त्यांना पाण्यात लोंबणाऱ्या धातूच्या तारा: हे धन टोक. बोटीचा तळ हे ऋण टोक. जनित्रातून थेट वीजप्रवाह ठोक्याठोक्याने सोडतात, सहसा सेकंदाला ६० ठोके. मासा आधी धन टोकाकडे ओढला जातो, मग आखडतो, मग जाळीने उचलायचा. एक फेरी बरोबर १५ मिनिटांची. वेळ ठरलेली नसेल तर या वर्षीची मोजणी मागच्या वर्षीशी ताडून पाहता येत नाही.

सुरू करण्याआधी पाण्याची विद्युतवाहकता मोजावीच लागते. पाणी फार वाहक असेल तर वीज माशाला वळसा घालून पाण्यातूनच निघून जाते आणि जास्त अँपिअर लागतात. कमी वाहक असेल तर व्होल्ट वाढवावे लागतात. हे न करता कालचीच बटणं आजही ठेवली तर एक तर काही मिळत नाही, नाही तर माशांच्या पाठीचे कणे मोडतात. पुढे उभा राहणारा पायाखाली एक कळ दाबून ठेवतो. तो पडला की पाय सुटतो आणि वीज बंद होते. हातात रबरी मोजे हवेत, सुती चालत नाहीत. ओला सुती मोजा म्हणजे उघडा हातच.

चंदेऱ्याच्या बाबतीत अडचण निराळी आहे. इंजिनाच्या आवाजाने तो विजेच्या टापूत येण्याआधीच पळतो, किंवा उडी मारतो, तीही तीन मीटरपर्यंत. चार किलोचा मासा वेगातल्या बोटीवर तोंडावर आदळला तर जबडा मोडतो, म्हणून हेल्मेट, आणि सुकाणूभोवती जाळीचा पिंजरा. बिगहेड असा उड्या मारत सुटत नाही. उड्या मोजून नदीत कार्प किती याचा अंदाज बांधणारे म्हणूनच फसतात: उडत नाही तो मोजला जात नाही.

दुसरा दिवस: स्टार्व्ह्ड रॉक आणि मार्सेय

सकाळी नदीच्या काठाने वर. वाटेत पिओरिया लागतं. पिओरिया आणि ला ग्रेंज इथले बंधारे फळ्यांचे आहेत. पूर आला की फळ्या तळावर आडव्या पाडतात आणि बोटी थेट वरून जातात. मासेही. नकाशावर धरण दिसतं म्हणून ते माशाला अडवतं असं समजू नये. स्टार्व्ह्ड रॉकपासून वर मात्र कमानी दरवाजांचे बंधारे सुरू होतात आणि माशाला मुख्यतः लॉकमधूनच, म्हणजे बोटी वरखाली करणाऱ्या पाण्याच्या कोठीतून, जावं लागतं. स्टार्व्ह्ड रॉकच्या लॉकशेजारी अभ्यागत केंद्र आहे. तिथल्या सज्जातून बार्जचा, म्हणजे सपाट मालवाहू नौकांचा, ताफा चढताना दिसतो. कोठी भरायला लागणाऱ्या वेळात एकच विचार मनात ठेवून पाहा: या पाण्यात बार्जबरोबर आणखी काय आत आलंय?

इथून वरच्या टप्प्यांत राज्य सरकार व्यावसायिक मच्छीमारांना कंत्राटावर लावून कार्प काढतं. हे काम २०१० पासून चालू आहे. मासा विकायचा हा हेतू नाही, पुढच्या फळीतली गर्दी विरळ ठेवायची. खालच्या नदीत कितीही मासे काढले तरी वीण ती जागा भरून काढते. वरच्या टप्प्यात वीण फारशी जमत नाही. तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक मासा खालून चढून आलेला असतो, म्हणून तिथे काढलेला एक मासा खरोखर एकाने कमी होतो.

वीण का जमत नाही? कार्पची अंडी पाण्यापेक्षा किंचितच जड असतात. पाणी शोषून ती फुगतात आणि प्रवाहाने तरंगत ठेवली तरच जगतात. प्रवाह मंदावला की तळाच्या गाळात बसतात आणि मरतात. मोठी मादी दहा लाखांहून जास्त अंडी घालते, पण नदी चढती आणि पुरेशी लांब वाहती हवी. या माशाला नियंत्रणात ठेवण्याजोगी जी थोडी दुखरी जागा आहे ती हीच.

जाळी लावण्याची पद्धत सरळ आहे. मॉरिसजवळ नदीला लागून खडी काढलेल्या खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे आहेत. मासा प्रवाह टाळून तिथे जमतो. खाडीच्या तोंडावर मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं, गिलनेट जाळं आडवं टाकायचं, मग आतून बोटीच्या तळावर ठोकत आणि इंजिन उचलून पंखा पाण्याच्या पृष्ठावर खडखडवत मासा जाळ्याकडे हाकायचा. कार्पचे कान हवेच्या पिशवीशी हाडांच्या साखळीने जोडलेले असतात, त्यामुळे आवाजाला तो इतर माशांपेक्षा जास्त बिचकतो. जाळं रात्रभर ठेवत नाहीत, लगेच उचलतात. त्यात बफेलो, कॅटफिश, कधी पॅडलफिशही सापडतात आणि ते जिवंत सोडायचे असतात. मोठा आस घेतला की हाताएवढे कार्प निसटतात हे खरं. पण बारीक जाळं लावलं तर देशी मासे मरतात आणि काम दुप्पट वेळ खातं.

गर्दी नेमकी कुठे आहे हे शोधायला फितूर मासा वापरतात. काही कार्पच्या पोटात आवाजी खुणेची कांडी शिवून परत सोडतात. हिवाळ्यात तो सोबत्यांच्या घोळक्यात जातो आणि काठावरची ग्राहक यंत्रं त्याची जागा सांगतात.

एक सावधगिरी. कार्पची बोटुकली आणि गिझार्ड शॅड यांची पिल्लं आमिषाच्या बादलीत सारखीच दिसतात. इथल्या पाण्यातलं जिवंत आमिष दुसऱ्या पाण्यावर नेऊ नका, बादलीही काठावरच कोरडी करा. जिवंत सिल्व्हर आणि बिगहेड कार्पची ने-आण हा तसाही कायद्याने गुन्हा आहे.

तिसरा दिवस: ब्रँडन रोड आणि रोमिओव्हिल

प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस, आणि पाहायला सगळ्यात कमी. कालव्याचं करडं पाणी, तारेचं कुंपण, धोक्याच्या पाट्या.

आधी पार्श्वभूमी. शिकागो शहराचं सांडपाणी मिशिगन सरोवरात जायचं आणि पिण्याचं पाणीही तिथूनच यायचं. म्हणून सुमारे ४५ किलोमीटरचा कालवा खणून शिकागो नदी उलटी वाहती केली. कालवा २ जानेवारी १९०० ला उघडला. दोन खोरी त्या कालव्याने पक्की जोडली गेली. तरी पुढची अनेक दशकं मासे पलीकडे गेले नाहीत, कारण कालव्यातलं पाणी इतकं घाण होतं की त्यात काही जगत नसे. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर पाणी सुधारलं आणि वाट मोकळी झाली. घाण हाच तिथला पहिला अडसर होता, हे पर्यावरणवाल्यांना अवघड जातं, पण आहे तसं आहे.

जोलिएटजवळचं ब्रँडन रोड लॉक आधी पाहावं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात सुमारे १० मीटरचा फरक आहे. एवढा चढ कोणताही मासा उडी मारून पार करत नाही, म्हणजे वाट फक्त लॉकमधून. सगळा डाव इथेच मांडायचा ठरलंय: हवेच्या बुडबुड्यांचा पडदा, आवाजाचा अडसर, विजेचा अडसर आणि कोठी धुऊन काढणारी यंत्रणा. खर्चाचा अंदाज १.१५ अब्ज डॉलर. केंद्र, इलिनॉय आणि मिशिगन यांचा करार २०२४ मध्ये झाला. बुडबुडे मासा घाबरवायला नाहीत. दोन बार्जच्या मधल्या खाचेत जे थोडं पाणी अडकून बरोबर वाहत येतं, त्यातली पिल्लं बाहेर ढकलायला आहेत. धुण्याची यंत्रणा अंडी आणि अळ्यांसाठी आहे. त्यांना ना आवाज कळतो, ना वीज पळवते.

तिथून वर रोमिओव्हिल. सरोवरापासून सुमारे ६० किलोमीटरवर कालव्याच्या तळात पोलादी पट्ट्या घातल्या आहेत आणि त्यांतून ठोक्याठोक्याने थेट प्रवाह सोडला जातो. पहिला प्रायोगिक अडसर २००२ मध्ये सुरू झाला, पुढचे २००९ आणि २०११ मध्ये. पृष्ठभागावर तीव्रता इंचाला सुमारे २.३ व्होल्ट, म्हणजे सेंटिमीटरला ०.९.

आता हा हिशेब करा, कारण अडसराचं बळ आणि दुबळेपण दोन्ही त्यात आहे. माशाला झटका बसतो तो तोंड ते शेपूट यांमधल्या व्होल्टच्या फरकाचा. ६० सेंटिमीटरचा कार्प प्रवाहाच्या दिशेने उभा असेल तर त्याच्या अंगावर ५४ व्होल्ट पडतात. ५ सेंटिमीटरच्या बोटुकलीवर साडेचार. तोच अडसर, तेच पाणी, आणि एक जण लुळा पडतो तर दुसऱ्याला मुंग्या येतात. शिवाय मासा आडवा वळला तर फरक आणखी घटतो. तीव्रता वाढवावी तर बार्जवरच्या माणसांना आणि काठावर पडलेल्याला धोका.

दुसरी भानगड बार्जची. पोलादी तळ विजेला सोपी वाट देतो, त्यामुळे ताफा जाताना त्याच्याभोवतीचं क्षेत्र कमजोर पडतं. ताफा खाली जात असेल तर त्याने ढकललेलं पाणी कडेने उलटं, म्हणजे वरच्या अंगाला सरकतं आणि छोट्या माशांना सोबत नेऊ शकतं. म्हणूनच एकाऐवजी ओळीने अनेक अडसर आहेत, आणि एक दुरुस्तीला काढला की दुसरा चालू ठेवावा लागतो. २००९ च्या डिसेंबरात देखभालीच्या वेळी कालव्याच्या एका टप्प्यात रोटेनॉन हे मासेमार औषध सोडलं. मेलेल्या माशांच्या ढिगात बिगहेड एकच सापडला. पण २०१० च्या जूनमध्ये अडसराच्या पलीकडे कॅल्युमेट सरोवरात एक बिगहेड जाळ्यात आला, २०१७ मध्ये मिशिगन सरोवरापासून जेमतेम १४-१५ किलोमीटरवर एक चंदेरा, आणि २०२२ मध्ये पुन्हा कॅल्युमेटमध्येच एक. एकेकटा मासा म्हणजे वसाहत नव्हे. नर-मादी आणि वाहती नदी दोन्ही जुळाव्या लागतात. तरी अडसर अभेद्य आहे असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका.

स्वतःच्या छोट्या होडीने हा टापू पार करायचा बेत असेल तर तो सोडा. २० फुटांहून आखूड बोटी, वल्ह्यांच्या होड्या आणि जेट-स्की यांना मनाई आहे. थांबायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, उघड्या डेकवर प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट.

पाण्यातल्या डीएनएची तपासणीही याच भागात होते. ५० मिलिलिटरच्या नळ्यांत पाणी घ्यायचं, थंड ठेवायचं, प्रयोगशाळेत वेगाने फिरवून तळाचा गाळ काढायचा आणि त्यात कार्पची खूण शोधायची. चुकतं ते नळी भरताना. कालच्या बोटीवर कार्पचा चिकटा असेल तर आज सरोवराच्या पाण्यात कार्प ‘सापडतो’. म्हणून बोट ब्लीचच्या पाण्याने धुतात, हातमोजे प्रत्येक जागी बदलतात आणि शुद्ध पाण्याने भरलेल्या काही नळ्याही सोबत नेऊन तपासतात. त्यांत खूण मिळाली तर त्या दिवसाचं सगळं बाद. आणि खरी खूण मिळाली तरी ती जिवंत माशाचीच असेल असं नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून किंवा बार्जच्या तळाला लागूनही ती येते.

चौथा दिवस: शिकागोचा किनारा, मग मिशिगन

सकाळी माँट्रोज बंदराच्या धक्क्यावर तासभर पुरे. छोटा गळ, अळीचा तुकडा, तळाशी सोडा. पहिलाच मासा बहुधा राउंड गोबी निघेल: बेडकासारखे डोळे, पाठीच्या पहिल्या पराच्या मागच्या कडेला काळा ठिपका आणि पोटाचे दोन्ही पर जोडून झालेली एक वाटी. त्या वाटीने तो दगडाला चिकटतो. ओल्या बोटाला लावून पाहा, हलकीशी ओढ जाणवते.

गोबी कॅस्पियन-काळ्या समुद्राच्या भागातला. जहाजांचा तोल राखायला त्यांत भरलेल्या पाण्यातून आला आणि १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत सापडला. रोमिओव्हिलचा पहिला अडसर खरं तर गोबी खाली मिसिसिपीकडे जाऊ नये म्हणून योजला होता. अडसर चालू होईपर्यंत गोबी पुढे निघून गेला होता. त्याच्याविरुद्ध सरोवरभर कोणताही उपाय आज नाही. नर दगडाखाली घरटं राखतो, वर्षात अनेकदा वीण होते, नदी लागत नाही, चढण लागत नाही. अडवावं अशी एकही चिंचोळी जागा त्याच्या आयुष्यात नाही. एरी सरोवरातल्या पाणसापांनी मात्र त्याच्यावर ताव मारला आणि त्यांची संख्या इतकी सुधारली की २०११ मध्ये ते संरक्षित यादीतून निघाले.

इथलं पाणी नितळ दिसतं म्हणून खूश होऊ नका. क्वागा शिंपल्यांनी प्लवक गाळून घेतल्याची ती खूण आहे. याच किनाऱ्यावर १९६७ मध्ये मेलेल्या अलेवाइफ माशांचे ढीग यंत्रांनी उचलावे लागले होते. अलेवाइफही घुसखोर. त्याला खाणारा लेक ट्राउट आधीच संपत आला होता. तो कोणी संपवला हे उद्या कळेल.

दुपारी मिशिगनकडे निघावं. घड्याळ एक तास पुढे करा. उत्तरेला प्लॅट नदी लागते. १९६६ मध्ये इथे प्रशांत महासागरातला कोहो सामन सोडला, अलेवाइफ खायला. मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांची ही योजना कमालीची चालली आणि गळवाल्यांचा मोठा धंदा उभा राहिला. म्हणजे एका परक्याला आवरायला दुसरा परका, आणि आता त्या दुसऱ्याला पोसायला पहिला टिकवायची धडपड. ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास अलेवाइफ कोसळला, तसा त्याच्यावर जगणारा, कोहोसारखाच आणून सोडलेला तिथला चिनूक सामनही कोसळला.

पाचवा दिवस: ऑक्वेऑक नदी

ह्युरॉनच्या काठावरच्या हॅमंड बे इथे लॅम्प्रेचं संशोधन केंद्र आहे. आत जायला आधी विचारून घ्यावं लागतं. शेजारची ऑक्वेऑक नदी मात्र स्वतःच एक प्रयोगशाळा आहे.

सागरी लॅम्प्रेला जबडा नसतो. तोंड म्हणजे एक गोल चूषक, आत वर्तुळांच्या रांगांत पिवळे शिंगी दात आणि मधोमध कानशीसारखी जीभ. बादलीतला लॅम्प्रे काचेला चिकटला की हे सगळं समोरून दिसतं. तो माशाच्या कुशीला चिकटतो, खवले खरवडतो आणि लाळेने रक्त गोठू देत नाही. परजीवी अवस्थेच्या सव्वा-दीड वर्षात एक लॅम्प्रे १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो. नायगारा धबधब्याने त्याला अडवून ठेवलं होतं. १८२९ मध्ये वेलंड कालवा झाला, १९१९ मध्ये त्याची सुधारणा झाली, आणि लॅम्प्रे एरीत १९२१, मिशिगनमध्ये १९३६, ह्युरॉनमध्ये १९३७ आणि सुपिरिअरमध्ये १९३८ ला पोचला. वरच्या सरोवरांतली लेक ट्राउटची पकड वर्षाला सुमारे दीड कोटी पौंड होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तीन लाखांवर आली.

पण त्याची चिंचोळी जागा ठळक आहे. अंडी घालायला त्याला नदीतच यावं लागतं, आणि अळ्या तिथल्या मऊ गाळात डोळ्यांवाचून, दातांवाचून कित्येक वर्षं, सहसा तीन ते सात, पडून असतात. सगळं सरोवर सोडून फक्त या गाळावर घाव घालायचा.

अळ्या शोधायच्या त्या पाठीवरच्या वीजयंत्राने, आणि इथे ठोक्यांची युक्ती आहे. आधी सेकंदाला ३ ठोके, संथ: अळीला गाळात नको होतं आणि ती वर येते. डोकं दिसलं की कळ बदलून सेकंदाला ३० ठोके, म्हणजे ती लुळी पडते आणि जाळीने उचलता येते. थेट ३० ने सुरुवात केली तर अळी गाळातच आखडते आणि ‘इथे काही नाही’ अशी खोटी नोंद होते. बांगडीएवढ्या भोवऱ्यातून गवताच्या काडीएवढी तपकिरी अळी बाहेर येते. सोबत देशी लॅम्प्रेच्या अळ्याही येतात, त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात.

मारायचं औषध टीएफएम. सुमारे ६,००० रसायनं तपासून ते १९५० च्या दशकात हॅमंड बे इथे सापडलं. त्या कामामागे व्हर्नन ॲपलगेट होते. १९५८ मध्ये ते पहिल्यांदा ओढ्यात वापरलं. ट्राउटचं शरीर हे रसायन बांधून बाहेर टाकतं, लॅम्प्रेला ते फारसं जमत नाही. फरक एवढाच, आणि तोही पातळ आहे, म्हणून मात्रा नेमकी लागते.

आधी नदीत रंग सोडून पाणी कुठून कुठे किती वेळात जातं ते मोजतात. मग हिशेब: नदी सेकंदाला ३ घनमीटर वाहते आणि लिटरला २ मिलिग्रॅम हवं, तर सेकंदाला ६ ग्रॅम, तासाला २१.६ किलो, १२ तासांना सुमारे २५९ किलो. अळी मरायला ९ तास पुरतात, पण औषधाचा पट्टा खाली जाता जाता दोन्ही टोकांना पातळ होतो, म्हणून सोडायचं १२ तास. एक टक्का निक्लोसमाइड हे दुसरं औषध मिसळलं की टीएफएम बरंच कमी लागतं.

बिघडतं ते सामूमुळे. टीएफएम हे सौम्य आम्ल आहे. पाणी जितकं अल्कधर्मी तितकं ते आयनरूपात जातं आणि अळीच्या कल्ल्यांतून आत शिरत नाही. आता ओढ्यात पाणवनस्पती असतील तर दिवसा त्या कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि संध्याकाळपर्यंत सामू चढतो. रात्री उतरतो. दुपारच्या सामूवर ठरवलेली मात्रा पहाटे जास्त होते आणि ट्राउट उलटे तरंगू लागतात. पहाटेच्या सामूवर ठरवलेली दुपारी अपुरी पडते आणि अळ्या जगतात. म्हणून तासातासाला मोजणी आणि पंप कमी-जास्त. दुसरी गफलत कडेच्या झऱ्यांची: स्वच्छ पाणी झिरपतं त्या कोपऱ्यात अळ्या बचावतात. पाठीवर पंप घेतलेली माणसं अशा जागा हाताने फवारत जातात. १० सेंटिमीटरखालची स्टर्जन या देशी माशाची पिल्लं टीएफएमला नाजूक असतात, म्हणून त्यांच्या नद्यांत मात्रा कमी ठेवावी लागते. देशी लॅम्प्रे आणि मडपपी (पाण्यातला एक सॅलमँडर) मरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तीन ते पाच वर्षांनी तोच ओढा पुन्हा.

ऑक्वेऑकवरचा बंधारा मात्र औषधाविना काम करतो. लॅम्प्रे उडी मारत नाही. पाण्याची ३० सेंटिमीटरची सरळ पडी आणि वर पुढे आलेली पोलादी कड एवढ्याने तो थांबतो. पुरात पडी बुडाली तर? त्यासाठी इथे विजेचा अडसर जोडलाय. पडी कमी झाली की तो चालू होतो. रोमिओव्हिलचीच कल्पना, पण इथे वर चढणारे सगळे प्रौढ, साधारण हातभर लांबीचे, आणि बार्ज नाहीत. म्हणून जमतं.

सहावा दिवस: सू सेंट मेरी

सेंट मेरीज नदी म्हणजे सुपिरिअरचं ह्युरॉनमध्ये येणारं पाणी. सेकंदाला साधारण २,००० घनमीटर. कालचाच गुणाकार इथे करून पाहा: तासाला चौदा हजार किलोहून जास्त टीएफएम. म्हणून इथे नदी सोडून फक्त अळ्यांचे ठिपके धरतात. नदीतळाचा नकाशा करून दाट जागा काढायच्या आणि तिथे निक्लोसमाइडचे दाणे टाकायचे. दाण्यांवरचं आवरण तळाशी पोचल्यावर विरघळतं. १९९० च्या दशकाअखेर हे दाणे हेलिकॉप्टरमधून टाकले गेले. नर निर्बीज करून सोडण्याचा प्रयोगही इथे २०११ पर्यंत चालला.

जलविद्युत केंद्रांच्या खालच्या अंगाला सापळे आहेत. चढणारा लॅम्प्रे प्रवाहाचा जोर शोधत येतो आणि नरसाळ्यातून आत जातो. मिळालेल्यांपैकी काहींच्या पाठीच्या पराला खाच पाडून खाली सोडतात. समजा १०० खाचवाले सोडले, आणि पुढच्या आठवड्यात सापळ्यात ६० आले, त्यांत २० खाचवाले. म्हणजे सापळा पाचांतला एक पकडतोय, आणि नदीत बिनखाचेचे साधारण २०० चढताहेत. खाच पडलेला लॅम्प्रे दमून खालीच राहिला तर हा आकडा फुगतो. त्यामुळे एका आठवड्यावर भिस्त न ठेवता संपूर्ण हंगामाची बेरीज घेतात.

सरोवरात ताळा दुसऱ्या टोकाने होतो: ५३२ मिलिमीटरहून मोठ्या शंभर लेक ट्राउटवर लॅम्प्रेच्या ताज्या जखमा किती. उद्दिष्ट पाचाच्या आत. जखम ताजी की भरलेली हे अंगठ्याने कडा चाचपून ठरवतात. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे औषधाचे बरेच ओढे राहून गेले. गाळातल्या अळीला मोठं व्हायला वर्षं लागतात, त्यामुळे परिणाम लगेच दिसला नाही. सापळ्यांतले आकडे वाढले ते त्यानंतरच्या हंगामांत.